गाडी काढण्याआधी: खोडदच्या अँटेनांची दुखणी कुठे शोधायची

जीएमआरटी, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण. तिच्यावर फील्डला काम करणं म्हणजे ४५ मीटरच्या डिशवर चढणं, असा बाहेर समज आहे. चढणं असतंच, पण ते शेवटी. कुठल्या अँटेनाकडे जायचं, वर चढायचं की तळाच्या खोलीतच काम आहे, गाडीत काय टाकायचं, हे आधी कंट्रोल रूममध्ये बसून ठरतं. खोडदच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती चौकात आहेत, साधारण एक किलोमीटर बाय एक किलोमीटरमध्ये. तिथे एखादा पाना विसरला तरी परत येता येतं. बाकीचे १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर पसरलेत आणि सगळ्यात लांबच्या दोघांमधलं अंतर २५ किलोमीटर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, टोमॅटोचे टेम्पो, पावसाळ्यात चिखल. तिथे चुकीचं कार्ड घेऊन पोचलं की दिवस गेला. म्हणून हे टिपण चढण्याबद्दल कमी आणि त्याआधीच्या विचाराबद्दल जास्त.

नावांचा घोळ आधी मिटवू. मधल्या अँटेनांची नावं सी०० पासून सी१४ पर्यंत जातात, पण त्यात सी०७ नाही. पूर्व भुजा ई०२ पासून सुरू होते. दक्षिणेत एस०४ नंतर थेट एस०६. पश्चिमेत मात्र डब्ल्यू०१ ते डब्ल्यू०६ सगळे हजर. नवख्यांनी सी०७ शोधत फिरू नये.

तीस अँटेनांच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. या प्रत्येक जोडीला, म्हणजे बेसलाइनला, कोरिलेटर एक आकडा देतो: दोघांचे सिग्नल एकमेकांशी किती जुळतात. हेच निदानाचं सगळ्यात स्वस्त हत्यार. एक अँटेना आजारी पडला तर त्याच्या बरोब्बर २९ बेसलाइन एकदम खराब होतात आणि पडद्यावर उभी-आडवी पट्टी दिसते. एकच बेसलाइन खराब आणि त्या दोघांच्या बाकीच्या २८-२८ ठणठणीत असतील, तर दोन्ही अँटेना निर्दोष आहेत. दोष कोरिलेटरच्या बाजूला शोधा, गाडी काढू नका. सात-आठ अँटेना एकाच सेकंदाला गेले तर त्या सगळ्यांत समान काय आहे ते बघा: एकच वीजवाहिनी, एकच फायबर केबल की आतल्या खोलीतलं एकच डिजिटल कार्ड. आठ ठिकाणी एकाच वेळी एलएनए, म्हणजे फोकसजवळचे क्षीण सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर, मरत नसतात. हे लिहिताना हास्यास्पद वाटतं, पण रात्री तीन वाजता लोक आठ एलएनएचा हिशोब करायला बसतात.

प्रत्येक अँटेनाकडून दोन पोलरायझेशनचे, म्हणजे लाटेच्या कंपनाच्या दोन प्रकारांचे, दोन सिग्नल येतात; त्यातल्या एकेकाला चॅनल म्हणतात. एकच चॅनल गेला असेल तर दोष त्या चॅनलच्या साखळीत आहे: एलएनए, त्याची केबल, त्याचा फिल्टर, त्याचा लेझर. दोन्ही एकदम गेले तर जे दोघांना सामायिक आहे ते बघा: वीज, फीडची (फोकसला बसवलेल्या, लाटा झेलणाऱ्या छोट्या अँटेनाची) दिशा, अँटेनाची दिशा, कंट्रोलचं कार्ड. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

यानंतर पॉवर आणि फ्रिंज यांचा मेळ घालायचा. पॉवर म्हणजे त्या सिग्नलची नुसती पातळी. फ्रिंज म्हणजे दुसऱ्या अँटेनाशी जुळणी. पॉवर नाही आणि फ्रिंजही नाही, तर साखळी तुटली आहे. यात डोकं चालवावं लागत नाही. खरी गंमत पॉवर व्यवस्थित आणि फ्रिंज शून्य असते तिथे. एलएनए स्वतःच्या नॉइजने पातळी भरून काढतो, त्यामुळे आकड्यांवरून सगळं सुरळीत वाटतं, पण अँटेना इतरांबरोबर आकाशाच्या त्याच तुकड्याकडे बघत नसतो. तो भलतीकडे तोंड करून उभा असेल, किंवा फोकसला दुसराच फीड असेल, किंवा निवडलेला बँड (फ्रिक्वेन्सीची पट्टी) चुकीचा असेल. तिसरा प्रकार पॉवर अति वाढण्याचा. तेव्हा एक तर ॲम्प्लिफायर ऑसिलेट होतोय, नाहीतर जवळपासचं काहीतरी ओरडतंय.

जीएमआरटीच्या फीडबद्दल इथे सांगायला हवं. डिशच्या फोकसला, १८.५४ मीटर वर, चार पायांच्या चौकटीवर एक फिरता टरेट आहे. त्याला चार बाजू, प्रत्येक बाजूला एका बँडचा फीड. नव्या व्यवस्थेत हे बँड २, ३, ४ आणि ५ अनुक्रमे १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झचे आहेत. बँड बदलायचा म्हणजे टरेट फिरवायचा. तो पूर्ण फिरला नाही आणि थोडा आधीच अडकला, तर लक्षण फसवं येतं. फोकसवर साडेपाच-सहा मिलिमीटर सरकलं की बीम, म्हणजे अँटेनाला दिसणारा तुकडा, आकाशात सुमारे एक आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) सरकतो. १४२० मेगाहर्ट्झला बीमची रुंदी २४ आर्कमिनिट असते, ३२५ ला ८१, १५० ला १८६. म्हणजे ५ सेंटिमीटरची चूक खालच्या बँडला जाणवतसुद्धा नाही आणि वरच्या बँडला सिग्नल साधारण एक तृतीयांशाने कमी करते. ‘बँड ३ चालतोय, बँड ५ कमजोर आहे, म्हणजे बँड ५ चा एलएनए गेला’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा. आधी टरेटचा एन्कोडर (कोन मोजणारं यंत्र) काय सांगतोय ते वाचा, दुसऱ्या दिशेने फिरवून परत आणा, आणि मगच एलएनएचं नाव घ्या.

एलएनएच्या आधी की नंतर, हे शोधायला नॉइज कॅल आहे. फ्रंट-एंडमध्ये (फोकसजवळच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये) ठरावीक ताकदीचा नॉइज एलएनएच्या तोंडाशी सोडता येतो, चार पातळ्यांमध्ये. तो चालू-बंद करा आणि खाली पायरी दिसते का बघा. पायरी दिसली पण आकाशाचा सिग्नल नाही, तर दोष नॉइज शिरतो त्याच्या अलीकडे, म्हणजे फीड, त्याचं वायरिंग किंवा अँटेनाची दिशा. पायरीच नाही, तर दोष पलीकडे.

याहून लाडकं साधन म्हणजे स्वॅप स्विच. फ्रंट-एंडच्या कॉमन बॉक्समध्ये दोन पोलरायझेशनचे सिग्नल एकमेकांच्या वाटेवर टाकता येतात. समजा चॅनल १ मेला आहे. स्वॅप केल्यावर चॅनल २ मेला आणि १ जिवंत झाला, तर रोग स्विचच्या वर आहे, फीड-एलएनएच्या बाजूला: हायड्रॉलिक पाळणा मागवा, वर चढावं लागणार. स्वॅप करूनही चॅनल १ च मेलेला राहिला, तर रोग खाली आहे आणि तळाच्या खोलीत पंख्याखाली बसून काम होणार. एका कमांडने चढाई वाचते. तरीही हे न करता थेट निघणारे असतात, आणि त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

त्याच बॉक्समध्ये सूर्यासाठीचे ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात दाबणारे) आहेत: १४, ३० आणि दोन्ही मिळून ४४ डीबी (डेसिबेल). सूर्याचं निरीक्षण झाल्यावर ते काढायचे राहिले की पुढच्याला वाटतं अँटेना बहिरा झाला. ओळखायची खूण सोपी: दोन्ही चॅनल सारख्याच आकड्याने खाली आणि तो आकडा १४ किंवा ३० च्या आसपास. बिघाड इतके नेमके आकडे देत नाही. नेमका आकडा दिसला की माणसाची चूक शोधा.

संवेदनशीलता तपासायची असेल तर आकाशातल्या तेजस्वी रेडिओ स्रोताकडे तोंड करून आणि मग बाजूला होऊन पातळीतला फरक मोजतात. किती फरक यायला हवा, हे आधी कागदावर काढावं. जुन्या एल-बँड व्यवस्थेचे छापील आकडे घेऊ: प्रति जान्स्की (स्रोताच्या रेडिओ तेजाचं माप) ०.२२ केल्व्हिन आणि सिस्टिमचं तापमान ७३ केल्व्हिन. सिग्नस ए त्या फ्रिक्वेन्सीला सुमारे १६०० जान्स्की देतो, म्हणजे ३५० केल्व्हिनची भर. ७३ चे ४२३ झाले, ५.८ पट, म्हणजे साडेसात डीबी. व्हर्गो ए सुमारे २१० जान्स्कीचा; तिथे २ डीबी. आणि थ्रीसी २८६ सारखा १५ जान्स्कीचा कॅलिब्रेटर (तेज आधीच माहीत असलेला स्रोत) जेमतेम ०.२ डीबी हलवतो. एवढा फरक तर दुपारच्या उन्हात ॲम्प्लिफायर तापल्यानेही येतो. म्हणून एकट्या अँटेनाची ही चाचणी मंद स्रोतावर करू नये. आणखी एक खाच: सिग्नस ए आकाशगंगेच्या पट्ट्याला लागून आहे. खालच्या बँडला बाजूला सरकताना आकाशगंगेच्या दिशेने सरकलात तर ‘बाजूची’ पातळीच वर असते, फरक कमी दिसतो आणि निरोगी अँटेना आजारी ठरतो.

आता बँडपासच्या, म्हणजे बँडभरच्या सिग्नल-पातळीच्या आलेखातल्या, लाटा. ४०० मेगाहर्ट्झची पट्टी २०४८ फ्रिक्वेन्सी-चॅनलमध्ये वाटली तर असा एक चॅनल साधारण १९५ किलोहर्ट्झचा पडतो. त्यात लाटा स्वच्छ दिसतात. लाट म्हणजे कुठेतरी सिग्नल दोन टोकांमध्ये आपटून येतोय. दोन शिखरांमधलं अंतर मोजलं की त्या टोकांमधलं अंतर कळतं: वेग भागिले दोन पट लांबी. हवेत, फीड आणि डिशच्या मध्यामधले १८.५४ मीटर घातले तर ८.१ मेगाहर्ट्झ येतात. ही लाट डिशच्या बांधणीचीच आहे, ती सगळ्या अँटेनांत थोडीफार असणार. तिच्यासाठी कनेक्टर उघडू नका. पण शिखरं १ मेगाहर्ट्झवर असतील आणि केबलमधला वेग प्रकाशाच्या ०.८५ पट धरला, तर लांबी सुमारे १२७ मीटर निघते. एवढी लांब जागा फक्त केबलमध्येच मिळते. मग त्या केबलच्या दोन टोकांचे कनेक्टर बघा. पावसानंतर वाढणारी आणि चार दिवस ऊन पडलं की कमी होणारी लाट म्हणजे कनेक्टरमध्ये पाणी. एन-टाइप कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, म्हणजे वरचा थर खालच्यावर कौलांसारखा बसतो. केबल कनेक्टरमध्ये वरून सरळ उतरू देऊ नका. आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाला टपकेल. टेप स्वस्त आहे, तिच्यात काटकसर करणाऱ्यांची केबल महाग पडते.

फायबरकडे वळू. २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली तेव्हाच्या व्यवस्थेत अँटेनाच्या तळाला फ्रिक्वेन्सी बदलून ३२ मेगाहर्ट्झची पट्टी आत पाठवत. सुधारित व्यवस्थेत अँटेनाचा सिग्नल मूळ फ्रिक्वेन्सीलाच लेझरवर बसवून मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि पुढची उलाढाल तिथे होते. तळाची यंत्रसामग्री कमी झाली, बिघाडाच्या जागाही कमी झाल्या, पण फायबरची शिस्त वाढली. ॲनालॉग दुव्यात ऑप्टिकल १ डीबी गेला की आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ सिग्नलमध्ये, २ डीबी जातात. १३१० नॅनोमीटरला फायबर किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डीबी खातं. १० किलोमीटरला ३.५ ऑप्टिकल, म्हणजे ७ आरएफ. त्यावर एका मळलेल्या कनेक्टरचा अर्धा डीबी आला की आणखी एक डीबी. टेलिफोनवाल्यांना हा अर्धा डीबी दिसतही नाही, इथे दिसतो. त्यामुळे कनेक्टर प्रत्येक वेळी, नवा असला तरी, आधी छोट्या सूक्ष्मदर्शकातून बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कागदाने पुसा, पुन्हा बघा. हिरवा कनेक्टर तिरक्या तोंडाचा, निळा सरळ तोंडाचा. हिरव्याला निळा जोडला तर तो बसतो, दिवा लागतो, पॉवर मीटर काहीतरी दाखवतो, पण उलट जाणारा प्रकाश लेझरला त्रास देतो आणि नॉइज वाढतो. फायबर तोडणारा नेहमीचा शत्रू म्हणजे जेसीबी. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडून त्याचं परतणं मोजणारं यंत्र, तुटल्याचं अंतर सांगतं, पण ते फायबरचं अंतर असतं, रस्त्याचं नाही. प्रत्येक जोडाच्या चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेली जादा केबल त्यात धरलेली असते. कुठल्या चेंबरमध्ये किती वेढे आहेत याची वही नसेल तर माणसं शंभर मीटर पुढे खणतात. शिवाय यंत्रात अपवर्तनांक १.४६८ च्या आसपास घातलाय ना ते बघा. त्यात एक टक्का चूक म्हणजे १० किलोमीटरवर १०० मीटर.

इतकं करूनही दोष दिशेत निघाला, तर सर्वो, म्हणजे अँटेना फिरवणारी यंत्रणा. अँटेना १५ मीटर उंच काँक्रीटच्या मनोऱ्यावर ३.६ मीटर व्यासाच्या बेअरिंगवर फिरतो. प्रत्येक अक्षाला दोन मोटरी, आणि त्या मुद्दाम एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून ठेवलेल्या असतात, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक उरत नाही. एकीचा ॲम्प्लिफायर मान टाकतो तेव्हा अँटेना चालतो, जागेवरही जातो, पण वारा आला की दातांच्या मोकळिकीएवढा डुलतो. कंट्रोल रूममध्ये फ्रिंज थरथरताना दिसते आणि संशय रिसीव्हरवर जातो. दोन्ही मोटरींचे करंट शेजारी मांडून बघा: अँटेना स्थिर असताना एकाची दिशा दुसऱ्याच्या उलट असायला हवी. जुन्या ब्रशवाल्या डीसी मोटरींत कार्बन झिजतो, त्याची भुकटी कम्युटेटरवर बसते आणि ठिणग्यांचा आवाज आपल्याच रिसीव्हरला ऐकू येतो. ब्रशलेस मोटरींकडे वळण्यामागे देखभालीइतकंच हेही कारण आहे.

वारा नसताना अझिमथमध्ये (क्षितिजाला समांतर) एक पूर्ण फेरी मारून करंटचा आलेख काढणं ही फार चांगली सवय. उंचवटा प्रत्येक फेरीत त्याच कोनात येत असेल तर मोठ्या बेअरिंगमध्ये किंवा मोठ्या गिअरच्या त्या जागच्या दातात काहीतरी आहे. थोड्या थोड्या अंशांवर एकसारखा परत परत येत असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या वेगवान चाकात. ग्रीस भरताना अँटेना हळू फिरवत भरावं; थांबलेल्या बेअरिंगमध्ये एकाच जागी पंप मारला तर ग्रीस तिथेच सीलमधून बाहेर येतं आणि बाकीचा घेर कोरडा राहतो. बाहेर आलेलं ग्रीस बोटांत चोळून बघा. चमक दिसली तर नुसतं पुसून पुढे जाऊ नका, नमुना ठेवा.

एन्कोडर १७ बिटांचे आहेत, म्हणजे वर्तुळाचे १,३१,०७२ भाग, एक भाग सुमारे १० आर्कसेकंदांचा. दिशेत उडी दिसली तर उडीचा आकडा वाचा. ५.६ अंश, २.८ अंश, १.४ अंश हे सगळे ३६० ला दोनने भागत भागत आलेले आकडे आहेत. अशी उडी म्हणजे एक बिट अडकला किंवा त्याची तार सुटली. ४.३ अंशांसारखा कसाही आकडा आणि तोही कायम, तर कपलिंग घसरलंय. चाचणी कुठे करता यालाही महत्त्व आहे. अझिमथची चूक आकाशात उतरते ती उंचीच्या कोसाइनने: १० आर्कमिनिटांची चूक २० अंश उंचीवर ९.४ होऊन दिसते आणि ८० अंशांवर १.७. डोक्यावरच्या स्रोतावर तपासून ‘पॉइंटिंग चांगलं आहे’ असं लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. उलट, अगदी शिरोबिंदूपाशी अझिमथला फार वेगाने फिरावं लागतं. अझिमथचा कमाल वेग मिनिटाला ३० अंश धरला तर खोडदच्या १९ अंश अक्षांशावर शिरोबिंदूपासून अर्ध्या अंशाच्या आत अँटेनाला स्रोत पकडून ठेवणं जमणार नाही. ती तक्रार आली तर तो बिघाड नव्हे, भूमिती आहे.

डिशची जाळी हा वेगळा विषय, पण टाळता येत नाही. जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उटीच्या रेडिओ दुर्बिणीनंतर इतकी मोठी दुर्बीण परवडणाऱ्या खर्चात उभी करायला पत्रे टाळले आणि अवघ्या ०.५५ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेची जाळी दोरांच्या कैच्यांवर ताणून बसवली. आत १० मिलिमीटरची भोकं, मध्ये १५, कडेला २०. वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो. फील्डच्या माणसासाठी याचे दोन अर्थ. पहिला, जाळीवर पाय ठेवायचा नाही, कधीच नाही. वावर फक्त नळ्यांच्या चौकटीवरून. दुसरा, बांधणीची तार तुटून जाळी लोंबली तर ते वरच्या बँडला आधी कळतं. पृष्ठभागाची सरासरी चूक १३ मिलिमीटर झाली तर १४२० मेगाहर्ट्झला क्षमतेचा ५५ टक्केच भाग उरतो, ६१० ला ८९ आणि १५० ला ९९ च्या वर. त्यामुळे ‘सगळे बँड ठीक, फक्त बँड ५ हळूहळू उतरतोय, दोन्ही चॅनल सारखेच’ असं दिसलं की दुर्बिणीने, म्हणजे डोळ्यांना लावायच्या दुर्बिणीने, खालून जाळी बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात लोंबलेली जागा लगेच उठून दिसते.

अँटेना आपला निरोगी आणि तरीही डेटा घाण, असं झालं की बाहेर शोधायचं. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झमध्ये कुणालाच प्रक्षेपणाची परवानगी नाही, ३२२ ते ३२८.६ मध्ये इतर सेवांबरोबर रेडिओ खगोलाचाही वाटा आहे, पण ठिणगीला परवाना लागत नाही. गावातल्या विजेच्या तारांवर सैल खिळा, तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर, ढिली बांधणीची तार असली की ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या लाटेला एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला शंभर. डेटामध्ये दर १० मिलिसेकंदांनी टोचणी दिसली की खांब शोधायला निघा. कोरड्या हवेत हा आवाज जोर धरतो आणि पावसाची सर आली की फट ओली होऊन थांबतो, म्हणून शोध हिवाळ्या-उन्हाळ्यात घ्यावा. पद्धत अशी: एएम रिसीव्हर आणि हातातला यागी (एकाच दिशेने ऐकणारा अँटेना) घेऊन १५० मेगाहर्ट्झला सुरुवात करा, तो आवाज लांबवर पोचतो. गाव ठरलं की ३०० च्या पुढे जा, मग ६०० च्या पुढे. जितकी फ्रिक्वेन्सी वर तितका आवाज जवळूनच येतो. शेवटी दोन-तीन खांब उरले की ४० किलोहर्ट्झचं अल्ट्रासॉनिक यंत्र खालून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर रोखा. खांबाला हातोडा मारून आवाज बदलतो का बघायची जुनी पद्धत करू नका. तडकलेला इन्सुलेटर आणि वर ११ हजार व्होल्ट, खाली तुम्ही. खांब क्रमांक लिहून लाइनमनला द्या, चढायचं त्यांनी. शंभराची टोचणी नसेल आणि आवाज फ्रिक्वेन्सीत सरकत असेल, तर ऑसिलेट होणारा टीव्हीचा बूस्टर, स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिवा. यात घरमालकाशी बोलण्याची पद्धत यंत्रापेक्षा जास्त कामाला येते. तक्रार घेऊन जाऊ नका, चांगला दिवा घेऊन जा.

मे महिन्यात वीज कडाडायला लागण्याआधी अर्थिंगचे खड्डे मोजून घ्यावेत. एप्रिलच्या सुक्या मातीत मोजलेला आकडा हा खरा, पावसात मोजलेला खुशामत करणारा. सर्ज अरेस्टरच्या खिडकीत हिरवं आहे ना, हे प्रत्येक वादळानंतर बघायचं. लाल झालेला अरेस्टर दिसायला जागेवर असतो, उपयोगाला नसतो. फायबरमधून वीज येत नाही, पण त्याच खोलीत येणाऱ्या वीजपुरवठ्यातून येते, आणि कंट्रोलच्या जुन्या तांब्याच्या तारांतूनही.

वर जायचं ठरलंच तर: अँटेना खाली वाकवा, एलिव्हेशनची (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाची) खालची मर्यादा १७ अंश आहे, त्यामुळे फोकस तरीही जमिनीपासून वीसेक मीटर वरच राहतो आणि तिथे पोचायला पाळणा लागतो. तळाच्या पॅनलवर रिमोट बंद करून लोकल करा, चावी काढून खिशात घाला आणि कंट्रोल रूमला फोन करा: ‘सर्वो लोकलला आहे, चावी माझ्याकडे.’ समोरच्याने हेच वाक्य परत म्हणायला हवं. टरेटची मोटर वेगळी आहे, सर्वोची चावी काढल्याने ती थांबत नाही. तिचा पुरवठा स्वतंत्र काढा. पट्ट्याला दोन हूक, एक नेहमी अडकवलेला. पाना, स्क्रू ड्रायव्हर, सगळं दोरीने बांधलेलं. वरून पडलेला पाना जाळी फाडून जातो. फ्रेमच्या कोपऱ्यात मोहोळ आहे का ते चढण्याआधी खालून बघा, आणि असेल तर त्या दिवशी चढू नका. उसाच्या कडेने संध्याकाळी एकट्याने परत फिरू नये; जुन्नर तालुक्यात बिबट्या आहे हे कुणाला सांगावं लागू नये.

काम झाल्यावर लगेच गाडीत बसायचं नाही. पॅनल रिमोटला टाका, कंट्रोल रूमला अँटेना एखाद्या कॅलिब्रेटरवर न्यायला सांगा आणि दोन्ही चॅनलच्या फ्रिंज आल्याचं त्यांच्या तोंडून ऐका. नॉइज कॅल बंद आहे ना, ॲटेन्युएटर शून्यावर आहेत ना, स्वॅप सरळ केलाय ना, हे तिन्ही विचारा, कारण निदानासाठी तुम्हीच ते हलवलेले असतात. वहीत काय बदललं ते लिहिताना काढलेल्या आणि बसवलेल्या दोन्ही कार्डांचे क्रमांक लिहा. काढलेल्या कार्डावर तिथेच चिठ्ठी बांधा: अँटेना, चॅनल, तारीख, लक्षण. ‘खराब’ एवढंच लिहिलेलं कार्ड महिन्याभराने प्रयोगशाळेच्या टेबलावर चालतं आणि परत कपाटात जातं.